साखरेवरचें चित्र

होळी जवळ आली कीं नांदेडच्या आणि लातूरच्या बाजारांत दुकानांच्या दर्शनी भागीं साखरेच्या गाठींचे हार लोंबूं लागतात. बहुतेक पांढरेशुभ्र, मधूनच एखादा गुलाबी किंवा केशरी. आमच्या मराठवाड्यांत होळीपासून पाडव्यापर्यंत हा हार लहान मुलांच्या गळ्यांत घालण्याची चाल आहे. पाडव्याच्या दिवशीं तोच गुढीला कडुनिंबाच्या डहाळीशेजारीं बांधला जातो. ह्याच बाजारांत आतां एखाद्या बेकरीवर ‘फोटो केक मिळेल’ अशी पाटी आढळते, आणि आंत डोकावलें तर एक छपाईचें यंत्र बसलेलें दिसतें. त्या यंत्रांत नेहमींचा कागद नसतो आणि शाईही लिहिण्याची नसते. त्यांतून जें छापून निघतें तें खावयाचें असतें. केकवर, चॉकलेटवर, साखरेच्या गोळीवर, फार काय, मुलें चघळतात त्या चिंगमवरसुद्धां आतां हवें तें चित्र उमटवितां येतें.

अशी वस्तु घरांत आली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हें खाल्लें तर चालेल काय, हा एक. आणि हें खावें काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर रसायनशास्त्र आणि सरकारी नियम यांजकडे मागावयाचें. दुसऱ्याचें उत्तर घरांतच शोधावें लागतें. लोक बहुधा दोहोंची गल्लत करितात, आणि मग सून म्हणते ‘त्यांत वाईट कांहीं नाहीं’, सासू म्हणते ‘तरी नको’, आणि दोघीही आपापल्या परीनें बरोबर असतात.

साखरेवर चित्र ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. मात्र गाठीवरची आकृति छापलेली नसून ओतलेली असते. सागवानी फळ्यांवर पदकांच्या, पाकळ्यांच्या, फुलांच्या आकृती उलट्या कोरलेल्या असतात. हे साचे आधीं पाण्यानें ओले करावे लागतात, नाहीं तर साखर लाकडास धरून बसते. खळग्यांतून दोरा घालून ठेवतात. कढईंत पाक उकळत असतो. त्यांत थोडें दूध घालून वर येणारी मळी काढून टाकतात. पाक योग्य तारेवर आला म्हणजे तो साच्यांत ओतावयाचा, आणि घट्ट होतांच साचा उघडून सबंध माळ अलगद सोडवावयाची. घाई केली तर पदक तुटतें, उशीर केला तर तें साच्यांतच बसतें.

ही गांठ पांढरी दिसते आणि बाजारांतली लिंबाची गोळी कांचेसारखी पारदर्शक दिसते, हें कसें? दोन्हींत साखरच आहे. आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न घातला तर निम्मा वर्ग ‘रंग घातला असेल’ म्हणून मोकळा होई. खरें कारण असें आहे कीं, गाठीच्या पाकांत साखरेचे बारीक बारीक स्फटिक बनतात. प्रकाश त्यांवरून चहूंकडे विखुरतो आणि आपणांस पांढरा रंग दिसतो. गोळीच्या पाकांत ग्लुकोज मिसळून किंवा आम्ल घालून स्फटिक होऊंच देत नाहींत, आणि पाक सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून त्यांतलें जवळजवळ सगळें पाणी उडवून लावतात. निवाल्यावर जें राहतें ती एका अर्थीं साखरेची कांचच होय. ही कांच मोठी तहानलेली असते. श्रावणांत डबी उघडी राहिली कीं हवेंतील ओल शोषून गोळ्या एकमेकींस चिकटतात, तें ह्याचमुळें. पुढें छपाईच्या अडचणी सांगावयाच्या आहेत, तेव्हां एवढें ध्यानांत असावें.

आपल्या पूर्वजांनीं साखरेच्या अवस्थांचा केवढा सूक्ष्म विचार केला होता! फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशा पायऱ्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नांवानिशीं आल्या आहेत, आणि वैद्यकाच्या ग्रंथांतही त्यांचे गुण सांगितले आहेत. मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांप्रमाणें दाणेदार झालेली साखर. ह्यांपैकीं खंड हा शब्द अरबांच्या मार्गानें पश्चिमेकडे गेला आणि इंग्रजींत ‘कँडी’ होऊन परत आला. शर्करेची ‘शुगर’ झाली. नातवानें ‘कँडी’ मागितली तर आजोबांनीं रागावूं नये. आपलाच शब्द प्रवास करून आला आहे.

असो. घरांतील खाण्याच्या चित्रांची मोजदाद करूं गेलें तर ती बरीच मोठी निघते. दिवाळींत लक्ष्मीपूजनास लाह्या-बत्ताशांबरोबर साखरेचे हत्ती, घोडे, मोर आणतात. त्यांस आपण ‘चित्रें’ हेंच नांव दिलें आहे. आषाढी अमावास्येस कणकेचे गोड दिवे उकडून, पेटवून, मग तुपाबरोबर खातात. आणि भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर फुलोरा बांधतात. त्यांत करंज्या, साटोऱ्या तर असतातच, पण पिठाची वेणी असते, फणी असते; देवीच्या शृंगाराची एकेक वस्तु तळून दोऱ्यानें टांगलेली. दोन दिवस मुलें मान वर करून तिकडे पाहत असतात, आणि विसर्जन झालें कीं कोणाला फणी आणि कोणाला वेणी यावर भांडणें होतात.

पाश्चात्य देशांत गोळीवर अक्षर छापण्याचा उद्योग दीडशें वर्षांहून जुना आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं ऑलिव्हर चेस ह्या गृहस्थानें १८४७ सालीं साखरेच्या वड्या कापण्याचें यंत्र केलें, आणि १८६६ सालीं त्याचा भाऊ डॅनियल चेस यानें त्या वड्यांवर तांबड्या खाद्य रंगानें लहान लहान वाक्यें ठसविण्याची युक्ति काढली. तेथें लग्नांत आणि मेजवान्यांत ह्या बोलक्या वड्या वांटीत. पुढें एम अँड एम ह्या चॉकलेटच्या गोळ्यांवर १९५० पासून काळा ‘एम’ छापूं लागले आणि १९५४ पासून तो पांढरा झाला. गोळी वांकडी, गोल, गुळगुळीत; तिच्यावर नेमकें अक्षर फुटूं न देतां कसें उमटावें? कोरलेल्या पत्र्यावरील शाई मऊ रबरी रुळानें किंवा गादीनें उचलावयाची आणि ती गादी गोळीवर हलकेंच दाबावयाची. गादी मऊ असल्यानें गोळीच्या आकाराप्रमाणें वांकते. हें तंत्र एकच खूण लक्षावधि गोळ्यांवर उमटविण्यास उत्तम. पण दर गोळीवर निराळें चित्र हवें असेल तर निरुपयोगी.

निराळ्या चित्रासाठीं संगणकाचा छापखाना लागतो. कचेऱ्यांत शाईचे थेंब उडवून छापणारीं यंत्रें असतात, तींच येथें वापरतात. त्यांच्या तोंडाशीं केसाहून बारीक छिद्रें असतात आणि त्यांतून निघणारा थेंब इतका सूक्ष्म कीं एका मिलिलिटर शाईंत असे कोट्यवधि थेंब मावावे. निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शाया असतात. त्यांच्या ठिपक्यांच्या दाटी-विरळपणानें डोळ्यांस हजारों छटा भासतात. खाण्याच्या शाईंत पाणी, ग्लिसरीन, थोडा मद्यार्क आणि खाद्य रंग एवढाच ऐवज असतो. परंतु अशी पाण्याची शाई वर सांगितलेल्या साखरेच्या कांचेवर सोडली तर काय होईल? थेंब पडतो न पडतो तोंच साखर विरघळूं लागते आणि नाक-डोळे एकमेकांत वाहून जातात. म्हणून बहुधा चित्र गोडावर थेट न छापतां आधीं खाण्याजोग्या ‘कागदा’वर छापतात. हा कागद दोन प्रकारचा: एक बटाट्याच्या किंवा तांदळाच्या पिष्टाचा, कोरडा, पापडासारखा पापुद्रा; दुसरा साखर, पिष्ट व डिंक यांचा लवचिक थर, जो प्लास्टिकच्या पाठीवरून सोलून केकच्या ओलसर सायीवर पसरतात. दुसरा थर घटकाभरांत खालच्या सायीशीं असा एकजीव होतो कीं पुन्हां वेगळा काढतां येत नाहीं.

चिंगमची कथा आणखी निराळी. चघळण्याचा हा डिंक मूळचा मध्य अमेरिकेंतील चिकूच्या झाडाच्या चिकाचा. डहाणू-घोलवडकडील ज्या गोड फळाची आपणांस आवड आहे, त्याच जातीचें हें झाड. अमेरिकेंत थॉमस ॲडम्स यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या चिकाचा व्यापार केला, आणि १९२८ सालीं वॉल्टर डीमर यानें फुगा येणारा गम तयार केला. त्यास गुलाबी रंग दिला तो सौंदर्यदृष्टीनें नव्हे. त्या वेळीं हातीं तोच खाद्य रंग होता! आतां चिकाची जागा बहुतांशीं कृत्रिम द्रव्यांनीं घेतली आहे. गमाचा गाभा तेलकट, पाण्यास दूर लोटणारा. त्यामुळें त्यावर शाई ठरत नाहीं. म्हणून त्यावर साखरेचें कवच चढवितात आणि कवचावर छापतात.

आपल्याकडे चिंगमबरोबर चित्र आलें तें प्रथम कागदाचें. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ‘बिग फन’च्या वेष्टनांत क्रिकेटपटूंचीं चित्रें निघत आणि मुलें शाळेंत त्यांची देवघेव करीत, पुढें ‘बूमर’च्या वेष्टनांतून हातावर उमटविण्याचीं चित्रें आलीं. जीभ लावून तीं मनगटावर दाबलेलीं आम्ही वर्गांत किती वेळां पाहिलीं आणि किती वेळां धुवावयास पाठविलें याची गणती नाहीं. तें चित्र अंगावर राही. आतांचें पोटांत जातें. म्हणून शाईची चौकशी केली पाहिजे.

भारतांत खाद्यपदार्थांत घालण्यास आठ कृत्रिम रंगांस परवानगी आहे: तांबडे तीन — पॉन्सो ४ आर, कार्मोइसीन व एरिथ्रोसीन, पिवळे दोन — टार्ट्राझीन व सनसेट यलो, निळे दोन — इंडिगो कार्माइन व ब्रिलियंट ब्लू, आणि हिरवा एक — फास्ट ग्रीन. त्यांचें प्रमाणही बांधून दिलेलें आहे. बहुतेक पदार्थांत दहा लाख भागांस शंभर भाग ही मर्यादा. ह्या आठांत काळा रंग नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. म्हणजे चित्रांतले केस, भुंवया आणि बुबुळें हीं दुसऱ्या रंगांच्या मिश्रणानें साधावीं लागतात. गडद चित्रावर शाई अधिक बसते आणि विरळ फुलावर कमी, हेंही उघड आहे. युरोपीय संघांत २०१० पासून, सहा विशिष्ट रंगांपैकीं एखादा पदार्थांत असल्यास ‘मुलांच्या चळवळेपणावर व अवधानावर परिणाम होण्याचा संभव’ अशा अर्थाची सूचना वेष्टनावर छापावी लागते; आपल्या आठांतले चार — टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन आणि पॉन्सो — त्या सहांत आहेत. ह्याचा अर्थ हे रंग विष आहेत असा नव्हे. वाढदिवसास एक तुकडा खाणें निराळें आणि रोज शाळेवरून येतांना रंगीत गोळी चोखणें निराळें, इतकाच.

खरें भय परवानगीच्या रंगांचें नसून बिनपरवान्याच्यांचें आहे. कापड रंगविण्याचा ऱ्होडामीन-बी हा झगझगीत गुलाबी रंग ‘म्हातारीच्या केसां’त सांपडल्यामुळें २०२४ च्या फेब्रुवारींत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूनें त्या मिठाईवर बंदी घातली, मार्च महिन्यांत कर्नाटकानें रंगीत कापूसमिठाईस मनाई केली. लातूर-उदगीरकडील मंडळींस बिदरची हद्द कांहीं दूर नाहीं, आणि जत्रांतले फिरते विक्रेते हद्द पाहून फिरत नाहींत. लातुरास महाशिवरात्रीची सिद्धेश्वराची यात्रा असो कीं नांदेडकडील माळेगांवची खंडोबाची, मुलाचा हात धरून जाणाऱ्यानें अति झगझगीत गुलाबी दिसेल तेथें दोन पावलें पुढें सरकावें.

छापील चित्राच्या बाबतींत आणखी एक फसगत संभवते. खाद्य शाईचीं यंत्रें आणि कचेरींतलीं यंत्रें दिसावयास एकसारखीं असतात, किंबहुना कित्येक वेळां तींच असतात. ज्या यंत्रांत एकदां साधी शाई भरली तें पुढें कितीही धुतलें तरी खाद्य छपाईस वापरूं नये, कारण नळ्यांत आणि छिद्रांत जुनी शाई उरतेच. यास्तव बेकरीवाल्यास सरळ विचारावें: हें यंत्र केवळ ह्याच कामास ठेविलें आहे काय? शाईच्या बाटलीवरील मजकूर दाखवाल काय? प्रामाणिक दुकानदारास ह्याचा राग येत नाहीं. तो आंतून बाटली आणून पुढें ठेवतो.

शाकाहारी घरांनीं आणखी थोडें खोलांत जावें. कांहीं गोळ्यांची चकाकी लाखेची असते, म्हणजे बांगड्या ज्या लाखेच्या होतात त्याच कीटकाच्या स्रावाची. मऊ गोळ्यांत जिलेटिन असूं शकतें, तें जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. कोचिनील नांवाचा तांबडा रंगही किड्यांचाच. आणि गंमत पहा, आपल्या ‘किरमिजी’ ह्या शब्दाच्या पोटांतसुद्धां ‘कृमि’च दडला आहे. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहणें हा सोपा उपाय, पण सुट्या मालावर ठिपका कोठला? चांदीच्या वर्खाविषयींही पूर्वीं असाच संशय असे. २०१६ सालीं, वर्ख करतांना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य पदार्थ वापरूं नये असा नियम झाला. ग्राहकांनीं विचारीत राहिलें म्हणजे नियम होतात.

येथवर ‘चालेल काय’ याचा विचार झाला. ‘खावें काय’ हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला तो नांदेडांतील परिचयाच्या एका घरीं. घर मोठें, तीन पिढ्यांचें. तात्यांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. सकाळीं होम, औक्षण, ब्राह्मणभोजन सर्व यथासांग झालें. संध्याकाळीं नातवंडांनीं हौसेनें बिनअंड्याचा केक आणविला, आणि त्यावर तात्यांचें छायाचित्र हुबेहूब छापलेलें. टोपी, चष्मा, ओठांवरचें तें नेहमींचें मिस्किल हंसूंसुद्धां. सगळ्यांनीं वाहवा केली. मग कोणीतरी म्हणालें, आजोबा-आजींनीं मिळून कापावा. आजींच्या हातीं सुरी दिली. त्यांनीं केकाकडे एकवार पाहिलें आणि सुरी ताटांत ठेवून दिली.

‘आई, नुसता फोटो आहे हो,’ सूनबाई म्हणाल्या. ‘साखरेचा.’

‘साखरेचा असूं दे नाहीं तर कागदाचा. मी ह्यांच्या तोंडावर सुरी चालवायची काय?’

थोरल्या नातवानें चित्राचा थर वरचेवर उचलून बाजूस ठेवण्याचा प्रयत्न केला, पण तो केव्हांच खालच्या सायींत मुरला होता. एक कोपरा उचलला तों टोपीचा कांठ फाटला, आणि आजी आंत निघून गेल्या. शेवटीं तात्यांनींच हंसत हंसत कडेचा, नांवाच्या अक्षरांचा भाग कापला आणि तो सगळ्यांनीं खाल्ला. मधला चेहऱ्याचा चौकोन तसाच राहिला. तो शीतकपाटांत चार दिवस होता. खाववेना कोणाच्यानें, आणि टाकवेना तर मुळींच. पांचव्या दिवशीं धाकट्या सूनबाईंनीं पहाटे कोणी उठावयाच्या आंत तो गोदावरींत सोडला असें ऐकतों. त्या घरांत ह्या गोष्टीची चर्चा पुढें पुष्कळ दिवस चालली. ‘हें नुसतें भावनेचें खूळ’ असा तरुण मंडळींचा पक्ष, आणि तो अगदींच टाकाऊ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. शाई ती शाई आणि साखर ती साखर. परंतु महिन्याभरानें आम्ही पुन्हां गेलों असतां आजींनीं आपण होऊन विषय काढला.

‘मास्तर, तुम्हीच सांगा. महालक्ष्म्यांची वेणी खातों आपण, फणी खातों. मुखवटा कुणी तळला आहे काय आजवर?’

आम्ही निरुत्तर झालों. दिवाळींतल्या चित्रांत हत्ती-घोडे आहेत, गाठीवर फुलें-पदकें आहेत, फुलोऱ्यांत शृंगार आहे. ज्याची पूजा करावयाची किंवा ज्याच्या पायां पडावयाचें त्याचा चेहरा दांतांखालीं घेण्याची वेळ आपल्या बायकांनीं येऊंच दिली नाहीं. हा नियम कोणत्या ग्रंथांत लिहिलेला आम्हांस ठाऊक नाहीं. परातीपुढें बसलेल्या हातांनीं तो पाळला. चॉकलेटवर गणपति छापून वांटणाऱ्या हौशी मंडळांनीं ह्या हातांस एकदां विचारावयास हवें होतें.

त्याच वर्षीं आजींचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. ह्या खेपेस सूनबाई स्वतः बेकरींत गेल्या आणि दोन दिवस आधीं चित्र ठरवून आल्या. केक आला तेव्हां त्यावर चेहरा नव्हता. एका बाजूस आजींचा पितळी अडकित्ता, शेजारीं त्यांची कुंकवाची करंडी, आणि कोपऱ्यांत तात्यांची काठी. आजींनीं चष्मा लावून सगळें नीट पाहिलें, काठी थोडी वांकडी आली आहे असें म्हणाल्या, आणि सुरी घेतली. अडकित्त्याचा तुकडा धाकट्या नातवानें आधींच मागून ठेवला होता.